गस्तीची गाडी आणि पिस्तूल: आधी उतरायला शिकवा

चांदमारी

नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी पोलिसांना हत्यार शिकवलं. मैदानावर पोरगा पाय रोवून उभा राहतो, समोर कागदी लक्ष्य, दोन्ही बाजूंना मोकळी जागा, शिटी वाजली की फायर. तिथे उत्तम गुण मिळवलेली मुलंमुली पुढे गस्तीच्या गाडीवर जातात आणि पाळीचा बराचसा वेळ बसून काढतात. छातीवरून पट्टा, समोर स्टिअरिंग, शेजारी जोडीदार, कमरेला रुतणारं होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान). उभ्याने शिकलेलं तिथे जसंच्या तसं चालत नाही. तरी गाडीतला सराव अनेकदा अगदी शेवटी, उरलेल्या वेळात उरकला जातो. हे मला फार सलतं, म्हणून हा धागा काढतोय.

एक प्रसंग सांगतो. बंद गाडी, हातात प्लॅस्टिकचं निळं नकली पिस्तूल, शेजारच्या सीटवर जोडीदार. चालकाच्या सीटवरच्या मुलाला मी म्हणालो, "उजवीकडून धोका, उतर." त्याने आधी पिस्तूल काढलं. मग डाव्या हाताने पट्ट्याचं बटण चाचपायला लागला. बटण सापडेना म्हणून मान आणि खांदे डावीकडे वळवले, त्याबरोबर उजवा हातही वळला. नळीचं तोंड त्याच्या स्वतःच्या मांडीवरून गेलं आणि जोडीदाराच्या बरगड्यांवर येऊन थांबलं. बोट ट्रिगरवर. तेवढ्यात बटण सुटलं, पट्टा सर्रकन उजव्या खांद्याकडे वर गेला आणि पिस्तूल धरलेल्या मनगटात अडकला. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. जोडीदार काही बोलला नाही, नुसता नळीकडे बघत राहिला. तो मुलगा मैदानावर तुकडीत पहिला आलेला होता.

चूक त्याची नव्हती. त्याला हा क्रम कुणी शिकवलाच नव्हता.

उजव्या हाताने पिस्तूल चालवणारा माणूस धरा आणि स्टिअरिंग उजवीकडे असलेली गाडी धरा. चालकाचा दरवाजा उजवीकडे, पिस्तूलही उजव्या कमरेला, पट्ट्याचं बटण डावीकडे. म्हणजे उजव्या हातावर दोन कामं एकदम येऊन पडतात, दरवाजा उघडणं आणि पिस्तूल काढणं. त्याच गाडीत डावीकडे बसलेल्या जोडीदाराचं नेमकं उलट असतं. त्याचा दरवाजा डाव्या हाताशी, पण बटण आणि पिस्तूल दोन्ही उजव्या कमरेला, एकमेकांना खेटून. एकाच गाडीतल्या दोघांना दोन वेगळे सराव द्यावे लागतात! परदेशी पुस्तकातली चित्रं बहुतेक डाव्या स्टिअरिंगची असतात. ती तशीच उचलली की चालकाला जोडीदाराचा धडा शिकवला जातो.

मी शिकवायचो तो क्रम असा. गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या काही मीटरवर पट्टा सोडायचा आणि सुटलेला पट्टा हाताने मागे सारायचा, आपोआप जाऊ द्यायचा नाही. मग दरवाजा. मग पाय जमिनीवर. आणि त्यानंतर, गरज असेल तरच, पिस्तूल. पिस्तूल लवकर निघालं की "सर, मी तयार आहे" असं वाटतं खरं, पण त्याच क्षणी माणसाचा एक हात कमी झालेला असतो.

पट्टाच लावू नका असा अर्थ कुणी काढू नये. अमेरिकेत कर्तव्यावर मरण पावलेल्या पोलिसांत गाडीच्या अपघातांचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे. चालत्या गाडीत पट्टा हवाच.

रात्रपाळी

सर, दंडवत. मी गस्तीच्या गाडीवर आहे, डावीकडच्या सीटवर. तुम्ही लिहिलंत ते रोज अंगावर येतं. पिस्तूल आणि बटण इतकं जवळ की बटण लावतानाच होल्स्टरचं झाकण मध्ये येतं. म्हणून आमच्यातले काही जण गाडीत बसल्यावर पिस्तूल काढून मांडीखाली किंवा दोन सीटच्या मध्ये ठेवतात. हाताशी राहतं म्हणतात. हे कितपत योग्य?

चांदमारी

अजिबात योग्य नाही. ११ एप्रिल १९८६ ला अमेरिकेत मायामीत एफबीआयच्या आठ एजंटांनी दोन सशस्त्र दरोडेखोरांची गाडी अडवली. पाठलाग चालू असताना एका एजंटाने रिव्हॉल्व्हर काढून सीटवर, हाताशी ठेवलं होतं. गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि ते कुठल्या कुठे उडालं. गोळीबार सुरू झाला तेव्हा त्याचा हात रिकामा. त्या दिवशी दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले आणि सगळं काही मिनिटांत घडलं. पुढे एफबीआयने पिस्तुलं आणि गोळ्या दोन्ही बदलल्या, त्यावर रकाने भरभरून लिहिलं गेलं. सीटवरच्या त्या रिव्हॉल्व्हरबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. आदळल्यावर होल्स्टरमधलं हत्यार अंगाबरोबर राहतं, बाकी सगळं गाडीभर फेकलं जातं.

होल्स्टर अडतं ना, मग ते कमरेवर बोटभर पुढे-मागे सरकवून बघ. बसून बघ, उठून बघ. आणि जिथे बसेल तिथेच कायम ठेव, रोज जागा बदलू नकोस.

भौतिक_मास्तर

पोलीस नाही, शिक्षक आहे, पण काचेबद्दल सांगता येईल.

पुढची काच म्हणजे काचेचे दोन थर आणि मध्ये साधारण पाऊण मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा पडदा. म्हणून ती फुटली तरी जाळीसारखी जागेवर राहते. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत कडक केलेल्या असतात, त्यांचा एकदम चुरा होतो. (काही नव्या गाड्यांत बाजूलाही पडद्याची काच येते, तेव्हा आपल्या गाडीत कुठली आहे ते बघून ठेवावं.)

पुढची काच तिरकी असते, तिचा खालचा भाग पुढे आणि वरचा चालकाकडे झुकलेला. आतून बाहेर गोळी गेली की गोळीची वरची कड काचेला आधी भिडते. बैलगाडीचं एक चाक चिखलात रुतलं की गाडी त्याच अंगाला वळते, तसंच इथे. वरची कड अडखळते, गोळी वर वळते. बाहेरून आत येणाऱ्या गोळीची खालची कड आधी लागते, म्हणून ती खाली वळते. किती वळेल हे गोळी, कोन आणि अंतरावर ठरतं. शिवाय मऊ शिशाचं टोक काचेत फाटतं, आवरण सुटतं आणि पलीकडे पोचतो तो वेगळाच तुकडा.

चांदमारी

मास्तर, बैलगाडीचं उदाहरण आजच वहीत लिहून ठेवलं. आम्ही नुसतं "आतून वर, बाहेरून खाली" असं पाठ करून घ्यायचो, कारण कधी सांगितलं नाही. कारण कळलं की पाठ करावं लागत नाही.

तुमच्या मुद्द्याला जोडून सांगतो. मायामीनंतर एफबीआयने गोळ्यांची जी चाचणी बसवली तिच्यात गाडीच्या काचेची पायरी आहे. काच ४५ अंशात तिरकी, शिवाय १५ अंशांनी बाजूला वळवलेली, आणि मागे अंगाच्या मांसाची नक्कल म्हणून १० टक्के जिलेटिनचा ठोकळा. दरवाजाची नक्कल म्हणून २० गेज जाडीचे दोन पत्रे, मध्ये ३ इंचांचं अंतर. पलीकडे जिलेटिनमध्ये गोळी १२ ते १८ इंच गेली पाहिजे. आता दरवाजाआड लपणाऱ्या माणसाने याचा अर्थ लावावा: चाचणीतली गोळी दरवाजा भेदून जाईल असंच धरलेलं आहे, प्रश्न फक्त पुढे किती जाईल एवढाच.

रात्रपाळी

म्हणजे सर, उघड्या दरवाजामागे उभं राहून पिस्तूल रोखायचं, हे सगळं चुकीचं?

चांदमारी

आड आणि आडोसा या दोन शब्दांतला फरक मी पहिल्या तासाला शिकवायचो. आडोशामागे तुम्ही दिसत नाही. आडेमागे गोळी लागत नाही. गाडीचा दरवाजा हा आडोसा आहे. त्याचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो, आतला काच खाली-वर करणारा सांगाडा एखादी गोळी नशिबाने अडवेल, पण त्या भरवशावर उभं राहायचं नाही. दरवाजात चिलखती पाटे बसवलेल्या गाड्या काही कंपन्या पोलिसांना देतात, पण ते मुद्दाम मागवावे लागतात. तुमच्या गाडीत आहेत की नाहीत हे माहीत हवं.

आड म्हणावी अशी जागा गाडीत थोडीच. इंजिनाचा ठोकळा, चाकाची लोखंडी चकती आणि तिच्यामागचा आस. छताचे खांब दुमडलेल्या पत्र्याच्या अनेक थरांचे, म्हणून दरवाजापेक्षा बरे, पण अरुंद. एवढ्यात माणूस मावतो का? मावतो, पण चाकामागे गुडघा टेकून, अंग आकसून. हे शरीराला शिकवावं लागतं. चाळीस वेळा बसून उठल्याशिवाय येत नाही.

आणि बॉनेटला चिकटून बसू नका. पत्र्यावर तिरकी बसलेली गोळी उडून दूर जाईल असं वाटतं, पण ती बहुधा पत्र्याला धरून घसरत पुढे येते. बॉनेटवर हनुवटी टेकवलेला माणूस नेमका तिच्या वाटेत असतो. जागा असेल तर हात-दोन हात मागे सरका, नजरही मोकळी होते. जमिनीवरून घसरणाऱ्या गोळीचं तसंच, गाडीखालच्या फटीत पाय दिसतात हे विसरू नका.

खाकीतली

सर, तुमचा क्रम मला मान्य आहे, पण एक गोष्ट राहिली. अंगाची ठेवण. माझी उंची कमी. सीट पुढे ओढली की स्टिअरिंग पोटाशी येतं, आणि बसल्यावर बुलेटप्रूफ जाकीट वर सरकून गळ्याशी येतं. होल्स्टरमधल्या पिस्तुलाची मूठ जाकिटाच्या कडेखाली जाते. उंच सहकाऱ्याने शिकवलेली "कोपर मागे, पिस्तूल सरळ वर" ही हालचाल माझ्या सीटवर होतच नाही, कोपर सीटच्या पाठीला आपटतो. दोन प्रशिक्षकांनी मला "जोर लाव" असं सांगितलं. तिसऱ्या, एका बाईंनी, आधी धड किंचित पुढे झुकवून डावीकडे कलायला लावलं, मूठ मोकळी झाली, आणि मग हात घालायला सांगितला. एका दुपारीत जमलं.

दुसरं, लांब हत्यार. गस्तीत रायफल असली तर मॅगझिन (गोळ्यांची पेटी) लावलेली आणि चेंबर (नळीमागची गोळी बसते ती जागा) रिकामं, हीच पद्धत ठेवा. खड्ड्यांच्या रस्त्यावर तासन्‌तास हादरे बसणाऱ्या गाडीत भरलेलं चेंबर म्हणजे जिवाशी खेळ. मी स्वतः एकदा घाईत उतरताना रायफलीचा पट्टा हँडब्रेकला अडकवून घेतला होता. मी बाहेर, रायफल आत, आणि ओढल्यावर नळी सरळ माझ्याच पोटाकडे. चेंबर रिकामं होतं म्हणून आज हे लिहितेय. त्या रात्री घरी जाऊन पोराला जवळ घेऊन बसले, किती तरी वेळ.

चांदमारी

ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. असं कुणी उघडपणे सांगत नाही, म्हणून पुढचा माणूस पुन्हा तिथेच अडकतो.

तुमच्या प्रसंगामागचं शास्त्रही सांगतो. रॉजर एनोका नावाच्या शरीरशास्त्राच्या अभ्यासकाने २००३ मध्ये नकळत सुटणाऱ्या गोळ्यांवर लिहिलं. बोट न ठरवता आवळलं जाण्याचे तीन प्रसंग त्याने मांडले: अचानक दचकणं, तोल जाणं, आणि दुसऱ्या हाताने काहीतरी जोरात ओढणं किंवा आवळणं. आता गाडीतून घाईत उतरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. एक पाय बाहेर, तोल अर्धवट, एक हात दरवाजाच्या चौकटीवर आवळलेला, बाहेर आरडाओरडा. तिन्ही गोष्टी एकाच क्षणी. म्हणून बोट ट्रिगरबाहेर, नळीच्या अंगाला सरळ, हा नियम मैदानापेक्षा गाडीत दसपट कडक हवा.

वाटसरू७

मी सामान्य माणूस. एक प्रश्न विचारतो, राग नसावा. पळून जाणाऱ्या गाडीच्या टायरवर गोळी मारली की काम होत नाही का? की अंगावर येणाऱ्या गाडीच्या चालकावर?

चांदमारी

रागाचं काय त्यात, हा प्रश्न प्रत्येक तुकडी विचारते.

टायरला पिस्तुलाच्या गोळीने पडतं ते छोटं भोक. हवा हळू जाते, गाडी बराच वेळ पळते. आणि फिरत्या चाकावरचा नेम चुकला की गोळी रस्त्यावर आपटून कुठे जाईल ते कुणाच्या हातात नाही.

चालकाचं म्हणाल तर हिशेब करा. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त. दीड सेकंदात गाडी १२ मीटर पुढे आलेली असते. तेवढ्यात तुम्ही पिस्तूल काढलंत, तिरक्या काचेतून गोळी घातलीत आणि ती लागली असंही धरू. दीड टनाचं धूड थांबलं का? त्याला आता चालक उरलेला नाही, एवढंच झालं. आत मुलं असतील, फुटपाथवर माणसं असतील. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९७२ मध्येच नियम केला की नुसती गाडी अंगावर येते म्हणून चालत्या गाडीवर गोळी चालवायची नाही, तिच्या जोडीला दुसरा प्राणघातक हल्ला होत असला पाहिजे. १९९० मध्ये हवाना इथे मंजूर झालेली संयुक्त राष्ट्रांची बळाच्या वापराबाबतची तत्त्वंही हेच धरून आहेत, बंदूक जीव वाचवण्यासाठी, दुसरा उपाय उरला नाही तेव्हाच.

म्हणून माझ्या सरावात अंगावर येणाऱ्या गाडीला उत्तर होतं ते पायांचं. बाजूला व्हा. आणि त्याहून आधी, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत उभेच राहू नका.

जुनी_तुकडी

चांदमारी साहेब, आदर ठेवून विरोध नोंदवतो. तुम्ही सगळं "आधी उतरा" यावर आणून ठेवलंत. समोरच्याने तुमची गाडी थांबायच्या आत गोळी चालवली तर? पट्टा, दरवाजा, पाय, इतकं करेपर्यंत माणूस उरतो का? मी एका नाक्यावर हे जवळून पाहिलंय. सीटवर बसून, काचेतून फायर करायला शिकवलंच पाहिजे, आणि खऱ्या गोळीने. नकली पिस्तुलाने काचेचा चुरा डोळ्यांत जात नाही.

चांदमारी

विरोध बरोबर आहे, मी अपुरं लिहिलं. गोळी आधीच सुरू झालेली असेल तर क्रम बदलतो. पण तिथेही मी पहिला नंबर पिस्तुलाला देणार नाही. गाडी चालू असेल आणि वाट असेल तर गिअर टाका आणि निघा. रिव्हर्समध्ये घ्या, नाल्यात घाला, पण त्या जागेवरून हला. अडकलातच तर मात्र काचेतून फायर, आणि ते शिकवलंच पाहिजे, हे मान्य. थांबलेली गाडी ही गोळ्या गोळा करणारी पेटी असते, तिच्यात बसून राहायचं नाही.

तिथे लक्षात ठेवायच्या गोष्टी: पिस्तुलाचं तोंड काचेला किंवा सीटला टेकवायचं नाही. दाबलं की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, किंचित मागे सरते आणि पिस्तूल चालतच नाही. स्लाइडला मागे जायला जागा हवी, ती स्टिअरिंगला किंवा छताला अडली की काडतूस अडकतं. तापलेल्या पुंगळ्या काचेवर आपटून कॉलरमध्ये पडतात. भाजलं म्हणून हात झटकला की नळी भलतीकडे जाते, हे मी दोनदा पाहिलंय.

खऱ्या गोळीचा सराव अगदी शेवटी. नकली पिस्तूल, मग रंगाची खूण करणारी सरावाची काडतुसं (त्यांच्यासाठी पिस्तुलात वेगळी नळी बसवतात, तिच्यात खरं काडतूस बसतच नाही), आणि मग भंगारातल्या गाडीवर खरी गोळी. त्या गाडीतलं इंधन काढलेलं, बॅटरी सोडवलेली, एअरबॅग काढलेल्या. न फुटलेल्या एअरबॅगमध्ये स्फोटक असतं, हे विसरणारेही भेटले. एका वेळी एक प्रशिक्षणार्थी, त्याच्या खांद्याशी एक प्रशिक्षक. आणि नकली हत्याराच्या सरावात मैदानावर खरं काडतूस एकही नको, प्रशिक्षकाच्या खिशातही नको. तीन वेगवेगळ्या माणसांनी तपासायचं.

खाकीतली

डोळ्यांबरोबर कानांचंही लिहा ना सर. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो, आणि पिस्तुलाचा बार त्याच्याही वर जातो. बंद गाडीत तो काचांवरून परत येतो. माझ्या एका वरिष्ठांचा डावा कान सरावातच गेला, कारण "एकच तर फायर करायचाय" म्हणून कानात बोंडं घातली नव्हती. सरावात कानात बोंडं आणि वरून आवाज अडवणारी कानझाकणं, दोन्ही.

वाटसरू७

आणखी एक विचारतो. गाडीत दोघं-तिघं असताना कोण काय करतं, हे आधी ठरलेलं असतं का?

चांदमारी

असायला हवं. लंडनच्या पोलिसांनी १९९१ मध्ये सशस्त्र गस्तीच्या गाड्या सुरू केल्या. तीन जण, प्रत्येकाचं काम नेमलेलं, हत्यारं तेव्हा गाडीतल्या कुलपाच्या पेटीत.

काम ठरलेलं नसलं की काय होतं ते ५ एप्रिल १९७० च्या रात्री कॅलिफोर्नियात न्यूहॉलजवळ दिसलं. महामार्ग पोलिसांच्या दोघांनी एक गाडी थांबवली आणि दुसरी तुकडी पोचायच्या आत तिच्याजवळ गेले. साडेचार मिनिटांच्या आसपास, मागून पोचलेल्या दोघांसह चार पोलीस मारले गेले. चौघांचीही नोकरी दोन वर्षांहून कमी. त्यानंतर धोक्याची गाडी थांबवायची रीत बदलली: लांब थांबा, मदत येऊ द्या, समोरच्याला इंजिन बंद करायला लावा, हात दिसू द्या, एकेकाला पाठमोरं चालवत आपल्याकडे आणा. आपण त्याच्याकडे जायचं नाही. शिकवताना त्या चौघांच्या वयाची मुलं समोर बसलेली असायची. माझा आवाज तिथे दर वेळी बदलायचा.

रात्रपाळी

सर, काल पाळी संपल्यावर आम्ही दोघांनी गाडी कोपऱ्यात लावून तुमचा क्रम केला. पिस्तुलं जमा करून आलो होतो, होल्स्टरमध्ये नकली. दहा वेळा केला. पहिल्या तीन वेळा बरा गेला. चौथ्यांदा जोडीदाराने मध्येच "उतर" म्हणून ओरडायला सुरुवात केली आणि माझा हात बटणाऐवजी सरळ मुठीवर गेला. पाचव्यांदाही तेच. आठव्यांदा पट्टा मागे सारायला विसरलो, तो होल्स्टरच्या झाकणात अडकला आणि मी अर्धा बाहेर, अर्धा आत लोंबकळत राहिलो. नववा आणि दहावा नीट झाला. जोडीदाराचा एकदाच चुकला, दरवाजा उघडताना पिस्तूल आधीच हातात होतं.

चांदमारी

ओरडून केलंत हे फार छान. आता सीटच्या जागा बदला, त्याने डावीकडे बसावं, तू उजवीकडे. मग अंधारात, आतला दिवा बंद ठेवून. मग पावसाळी कोट घालून, त्याची कड होल्स्टरवर येते. दहा-दहा वेळा कर आणि कितव्यांदा काय अडकलं ते असंच लिहून कळव.